राधाबाजारचे वीस हरकारे

२७ जानेवारी, गाडीत

दुपारी अकोल्याला गीतांजली पकडली. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वय एक्क्याऐंशी. खालचे दोन बर्थ मिळतील अशी तारीख शोधण्यात दोन महिने गेले, पण एक दिवस त्यांनी आधीच ठरवून टाकला होता. २९ जानेवारीला राधाबाजारात उभं राहायचं. १७८० साली त्याच तारखेला, शनिवारी, कलकत्त्यात जेम्स ऑगस्टस हिकी नावाच्या माणसाने ‘बेंगॉल गॅझेट’चा पहिला अंक काढला. भारतातलं ते पहिलं छापील वर्तमानपत्र.

अण्णांनी आमच्या तालुक्याच्या गावात एकवीस वर्षं साप्ताहिक चालवलं. पायाने मारायचं ट्रेडल, लाकडी केसा आणि त्यांच्या खणांत अक्षरांप्रमाणे लावलेले खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. जुळारी एकच, तोही अर्धवेळ. बाकीची जुळवणी अण्णा आणि आई करायचे. मी शाळेतून आले की गठ्ठे बांधायची. १९९३ साली साप्ताहिक बंद पडलं. त्याबद्दल आमच्या घरात फारसं कुणी बोलत नाही.

सहा जानेवारीला, ‘दर्पण’च्या दिवशी, अण्णा दरवर्षी बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालतात. त्यांच्यासाठी ते दैवतच. हिकीशी मात्र त्यांचं नातं वेगळं आहे. “बाळशास्त्री विद्वान होते,” ते म्हणतात, “हा आपल्यातला. हाताला शाई लागलेला.”

गोंदिया मागे पडल्यावर ते झोपले. मी फोनवर उतरवून घेतलेली गॅझेटची पानं चाळत बसले. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाने अंक स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. चार पानं, पानाला तीन स्तंभ, अक्षर दाटीवाटीचं. कुठे शाई जास्त झालेली, कुठे ओळ किंचित वर सरकलेली. फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, नीट आवळला नाही की ओळ अशीच सरकते, एवढं मलाही कळतं.

२८ जानेवारी, हावडा

दीड तास उशिरा पोचलो. हावड्याहून आता नदीखालून मेट्रो जाते, पण अण्णांना पाण्यावरून जायचं होतं. “तो काही मेट्रोनं आला नव्हता,” म्हणाले. फेरीत रेलिंगला धरून उभे राहिले आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत बसले नाहीत.

हिकी १७७२ मध्ये याच नदीतून आला. मूळचा आयरिश. लंडनच्या एका छापखान्यात थोडा काळ उमेदवारी केलेली, पण बोटीवर आला तो सर्जनचा मदतनीस म्हणून. कलकत्त्यात त्याने थोडी डॉक्टरकी केली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जहाजातून माल नेण्याचा धंदाही केला. एका खेपेत वादळाने मालाची नासाडी झाली. सावकार दारात आले आणि १७७६ च्या ऑक्टोबरात तो कर्जापायी तुरुंगात गेला.

कर्जदार तुरुंगात स्वतःच्या खर्चाने जगायचा. हिकीला पूर्वी शिकलेली कला आठवली. उरलेल्या थोड्या पैशांतून त्याने खिळे मिळवले, सुतारांकडून लाकडी छापयंत्र करवून घेतलं आणि कोठडीतच जाहिराती, कॅलेंडरं, कचेऱ्यांचे कागद छापायला सुरुवात केली. कलकत्त्यात तेव्हा छपाईची सोय जवळजवळ नव्हतीच. १७६८ साली विल्यम बोल्ट्स नावाच्या एका गृहस्थाने कौन्सिलच्या दारावर नोटीस चिकटवली होती. गावाला छापखान्याची गरज आहे, कुणी येत असेल तर मी मदत करीन, अशा अर्थाची. ईस्ट इंडिया कंपनीने त्यालाच बोटीत बसवून युरोपला परत धाडलं. अशा गावात एक कर्जबाजारी कैदी छापखाना काढून बसला होता. १७७८ मध्ये तो सुटला. पुढच्या वर्षी कंपनीच्या सैन्याचे नियम छापण्याचं मोठं काम त्याला मिळालं. पैसे अडकले. त्यासाठी तो पुढे कित्येक वर्षं अर्ज करत राहिला.

एस्प्लनेडहून मेट्रो धरून जतीन दास पार्कला उतरलो. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात खोली घेतली होती. रात्री वरण-भात. नंतर कोपऱ्यावरच्या दुकानातून नलेन गुळाचा संदेश आणला. हा खजुराच्या रसाचा गूळ फक्त थंडीत मिळतो. अण्णांनी एक खाल्ला, मग दुसरा मागितला आणि “आईला आवडला असता,” एवढंच बोलून पाणी प्यायले.

२९ जानेवारी, राधाबाजार

सकाळी साडेनऊला महाकरण स्टेशनातून वर आलो. समोर लाल दिघीचं तळं, मागे रायटर्स बिल्डिंगची लांबच लांब लाल भिंत. ही इमारत १७८० च्याच सुमारास बांधून झाली, म्हणजे हिकीने ती उभी राहताना पाहिली असणार. कंपनीचे कारकून, ज्यांना ‘रायटर’ म्हणत, ते तिच्यात राहायचे. विलायतेतून आलेली सोळा-अठरा वर्षांची पोरं. हिकीचे वाचक हेच.

अण्णा चालायला हळू, म्हणून आम्ही दोनच रस्ते ठरवले होते. झालं असं की हिकीची जवळजवळ सगळी कथा त्या दोन रस्त्यांत मावली.

राधाबाजारात आज घड्याळांची दुकानं आहेत. गल्ली अरुंद, वर तारांचं जाळं, दोन्ही बाजूंना काचेच्या पेट्यांत शेकडो घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ निराळी. गॅझेटवर पत्ता छापलेला असे तो ६७ नंबर, राधाबाजार. आता तिथे पाटी नाही की खूण नाही. अण्णांनी एका दुकानाच्या पायरीवर बूड टेकलं. दुकानदाराने आतून स्टूल आणून दिलं आणि कशासाठी आलात म्हणून विचारलं. मी मोडक्या हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, माझे आजोबा याच दुकानात बसायचे, पण वर्तमानपत्राचं कधी ऐकलं नाही. मग त्याने समोरच्या दोघांना बोलावून तेच सांगितलं आणि तिघंही माझ्या फोनवरचं १७८० चं पान वाकून पाहू लागले.

पान वाचायला तीच जागा योग्य होती. शीर्षकाखाली हिकीने आपलं ब्रीद छापलं होतं. हे राजकीय आणि व्यापारी साप्ताहिक सर्व पक्षांना खुलं आहे, पण कुणाच्याही दबावाखाली नाही. आत मात्र गावातली सगळी सरमिसळ. जहाजांची ये-जा, लिलाव, घर भाड्याने देणे आहे, हरवले-सापडले. रस्त्यांच्या घाणीबद्दल आणि स्मशानाच्या दुर्गंधीबद्दल वाचकांची पत्रं. त्या वर्षी कलकत्त्यात लागलेल्या आगीत गरिबांची झोपडी-घरं जळाली, त्याची बातमी. लष्करातल्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांची टोपणनावाने आलेली पत्रं, पगार मिळत नाही, बढती वशिल्याने होते असं सांगणारी. हैदर अलीने सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला इंग्रजांच्या पलटणीचा धुव्वा उडवला तेव्हा कंपनीला लपवायचं होतं ते लोकांनी गॅझेटमधून वाचलं. मराठ्यांशी युद्ध चालू होतं, त्याच्याही बातम्या आहेत. वडगावचा तह होऊन वर्ष झालं होतं, ऑगस्टात इंग्रजांनी ग्वाल्हेर घेतलं, डिसेंबरात वसई. आपल्याकडे नाना फडणविसांना हेच सगळं वकिलांच्या पत्रांतून आणि जासुदांकडून कळत होतं. इथे ते एक रुपया टाकणाऱ्या कोणालाही कळत होतं. मला दोन्हींतला हा फरक फार मोठा वाटतो.

हिकीला मी देव करणार नाही. त्याने बायकांवर घाणेरडं लिहिलं, शहरातल्या तरुण मुलींना टोपणनावं ठेवून त्यांची चेष्टा छापली. त्याच्या जाहिरातींत गुलाम विकत हवे आहेत, गुलाम पळून गेला आहे, असा मजकूर आहे. ‘सर्वांना खुलं’ म्हणजे गोऱ्यांना खुलं. राधाबाजारात त्याच्या शेजारी दुकान मांडून बसलेल्या बंगाली माणसाला त्यात जागा नव्हती. मी हे बोलले तेव्हा अण्णा लगेच म्हणाले, “बरोबर आहे तुझं. लिहून ठेव.”

त्याने अंगावर ओढवून घेतलं ते मात्र पैशाबद्दल लिहून. मुख्य न्यायाधीश इलायजा इम्पी याच्या नातेवाइकाला पूल आणि बंधारे दुरुस्त ठेवण्याचं कंत्राट मिळालं. त्या खात्याचं नाव पुलबंदी. हिकीने न्यायाधीशाचंच नाव ‘पुलबंदी’ ठेवलं. दोनशे चाळीस वर्षांपूर्वीचा इंग्रजी अंक, पण तो शब्द आम्हाला कोशात पाहावा लागला नाही. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जला तो हुकूमशहा, थोर मोगल असं काहीबाही म्हणे. किर्नांडर हा स्वीडिश मिशनरी. तो अनाथ मुलांच्या पैशावर डल्ला मारतो असं छापलं.

१७८० च्या नोव्हेंबरात हिकीला स्पर्धक आला. ‘इंडिया गॅझेट’ काढणाऱ्या मेसिंक आणि रीड यांना सरकारने टपालाची सवलत दिली. हिकीने छापलं की सिमियन ड्रोझ या कंपनीच्या अधिकाऱ्याने आपल्याकडे लाच मागितली होती, आणि त्यात हेस्टिंग्जच्या बायकोचं नाव आणलं. १४ नोव्हेंबरला कौन्सिलचा हुकूम निघाला. या पत्रात खाजगी माणसांची बदनामी करणारा आणि वसाहतीची शांतता बिघडवणारा मजकूर येतो, म्हणून जनरल पोस्ट ऑफिसमधून ते यापुढे जाणार नाही.

छपाईवर बंदी नव्हती. बंदी होती ती पोचवण्यावर. कलकत्त्याबाहेर, छावण्याछावण्यांतून बसलेले वर्गणीदार एका दिवसात तुटले. महिन्याला चारशे रुपयांचं नुकसान होतंय असा हिशेब हिकीने मांडला. मग शहरातले अंक घरोघर टाकण्यासाठी त्याने वीस हरकारे, म्हणजे पायी पोचवणारी माणसं, ठेवले.

हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णा काही वेळ घड्याळांच्या पेटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “माझे दोन होते. सायकलवाले.”

मला हे माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं.

स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं ते असं. आमच्या साप्ताहिकाचे गठ्ठे एसटीने खेड्यांना जायचे. कंडक्टरजवळ द्यायचे, गावच्या फाट्यावर पानवाला उतरवून घ्यायचा. तालुक्यातल्या एका बड्या संस्थेच्या खरेदीबद्दल अण्णांनी लागोपाठ तीन अंक लिहिलं. आधी जाहिराती गेल्या, ते अपेक्षितच होतं. मग गठ्ठे उतरेनासे झाले. गाडी पुढच्या डेपोला जायची आणि गठ्ठा तिथे पडून राहायचा, तीन-तीन दिवस. कुणी सांगितलं, कुणी ऐकलं, याचा कागद नाही. अण्णांनी दोन पोरं ठेवली. एक रामदास, एक दुसरा, ज्याचं नाव त्यांना आठवेना. चाळीस गावांपैकी अकरा गावांत सायकली पोचायच्या. बाकीची गावं सुटली. “अंक तर निघत होता ना, मग बंद काहून पडला, असं लोक विचारत. अंक निघत होता, माय. वाचायला कुणी नव्हतं.”

मी गठ्ठे बांधायची ते याच काळात. गठ्ठे लहान का होत चालले, हे मी कधी विचारलं नाही.

चहा आला, मातीच्या भांड्यात. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत.

तिथून पाच मिनिटांवर लाल दिघीच्या कोपऱ्यात सेंट अँड्र्यूज चर्च आहे. १८१८ मध्ये बांधून झालं. त्याआधी या जागेवर जुनं कोर्टघर होतं, जे १७९२ मध्ये पाडलं. सुप्रीम कोर्ट तिथे भरायचं. नंदकुमारला १७७५ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली तीही तिथेच. हेस्टिंग्जवर आरोप करणारा नंदकुमार, आणि शिक्षा देणारा इम्पी, हेस्टिंग्जचा शाळेपासूनचा मित्र. १७८१ च्या जूनमध्ये हिकी त्याच इम्पीपुढे उभा राहिला. आधी शिपाई पाठवून त्याला पकडलं, मग जामिनाची रक्कम एवढी मागितली की भरणं शक्यच नव्हतं. हेस्टिंग्ज आणि किर्नांडर दोघांनी बदनामीचे खटले भरले होते. एका आरोपातून ज्यूरीने त्याला चक्क निर्दोष सोडलं. गव्हर्नर जनरल फिर्यादी, त्याचा मित्र न्यायासनावर, आणि गावातल्या बारा जणांनी ‘दोषी नाही’ म्हणून सांगितलं. त्या बारांबद्दल मला मोठा आदर वाटतो. इतर आरोपांत मात्र शिक्षा झाली. हेस्टिंग्जच्या बदनामीबद्दल एक वर्ष कैद आणि दोन हजार रुपये दंड, किर्नांडरच्या बदनामीबद्दल चार महिने आणि पाचशे रुपये.

हिकी तुरुंगातून अंक काढत राहिला. जवळजवळ नऊ महिने. तुरुंगात बसून मजकूर लिहायचा, बाहेर माणसं छापायची, हरकारे वाटायचे. तेव्हा हेस्टिंग्जने आणखी खटले लावले आणि १७८२ च्या मार्चमध्ये कोर्टाच्या हुकमाने छापखाना जप्त झाला. खिळे नेले. गॅझेट तिथे संपलं. पुढे दोन महिन्यांनी, १७ मेला, सालबाईचा तह होऊन मराठ्यांशी चाललेलं युद्धही थांबलं. ती बातमी हिकीला छापता आली नाही.

मिशन रो या रस्त्यावर, ज्याला आता आर. एन. मुखर्जी रोड म्हणतात, किर्नांडरचं चर्च आहे. लोक लाल गिरजा म्हणतात. १७७० मध्ये त्याने हे स्वतःच्या पैशाने बांधलं. आत शांत होतं. अण्णा मागच्या बाकावर बसले. किर्नांडरचंही पुढे दिवाळं निघालं. १७८७ मध्ये हे चर्चच जप्तीत आलं आणि चार्ल्स ग्रँटने दहा हजार रुपये भरून ते सोडवलं. खटला जिंकणारा म्हातारा कर्जापायी शहर सोडून चुंचुड्याला गेला. दोघं भांडले आणि दोघंही कर्जातच बुडाले.

संध्याकाळी खोलीवर अण्णा रामदासचा पत्ता आठवण्याचा प्रयत्न करत होते.

३० जानेवारी, अलिपूर आणि बागबाजार

अण्णांचे पाय दुखत होते, म्हणून पिवळी टॅक्सी केली. राष्ट्रीय ग्रंथालयाची जुनी इमारत म्हणजे बेल्व्हेडेअर, पुढच्या काळात बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचा वाडा. पांढऱ्या पायऱ्या, मोठं हिरवं आवार. याच परिसरात १७ ऑगस्ट १७८० च्या पहाटे हेस्टिंग्ज आणि कौन्सिलमधला त्याचा वैरी फिलिप फ्रान्सिस यांनी एकमेकांवर पिस्तुलं रोखली. फ्रान्सिस जखमी झाला आणि डिसेंबरात विलायतेला निघून गेला. जवळच्या रस्त्याला ड्युएल अ‍ॅव्हेन्यू असं नाव राहिलं. हिकीच्या जगण्यात या गोळीचा वाटा आहे. कौन्सिलमध्ये हेस्टिंग्जला अडवणारा फ्रान्सिस गेला आणि त्याच सुमारास हिकीचं टपाल बंद झालं. फ्रान्सिसने तिकडे जाऊन हेस्टिंग्जविरुद्ध आघाडी उभी केली. १७८८ मध्ये पार्लमेंटपुढे महाभियोग सुरू झाला, १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. हिकी तोवर गरिबीत दिवस काढत होता. १७८४ च्या अखेरीस त्याची सुटका झाली, पण पुन्हा पत्र काढता आलं नाही. १८०२ मध्ये चीनकडे निघालेल्या जहाजावर तो वारला. कबर नाही. समुद्रात.

दुपारी उत्तरेला बागबाजारला गेलो, ते माझ्या हट्टाने. तिथे मराठा डिच लेन नावाची एक लहानशी गल्ली आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे स्वार भास्करपंत कोल्हटकरांबरोबर बंगालमध्ये शिरले, तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, सहा महिन्यांत तीन मैल झाला, आणि मराठे आलेच नाहीत. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. कलकत्त्याच्या गोऱ्यांना ‘डिचर’, खंदकवाले, असं टोपणनाव मात्र चिकटलं.

नागपूरच्या बाजूचे म्हणून आम्ही त्या गल्लीत जरा अवघडूनच उभे होतो. बंगालमध्ये अजून लहान मुलांना झोपवताना बर्गी आले म्हणून सांगतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. शाळेत आम्हाला अटकेपार शिकवलं, बर्गी शिकवला नाही. त्या स्वारांनी इथली गावं जाळली, पिकं लुटली. हे वाचून मान खाली जाते, आणि जावी असं मला वाटतं. हिकीच्या काळातही ही भीती जुनी झाली नव्हती. १७८१ च्या सुमारास नागपूरकर मुधोजी भोसल्यांचा मुलगा चिमणाजी फौज घेऊन कटकला बसला होता आणि हेस्टिंग्जने मोठी रक्कम देऊन त्याला शांत केलं. कलकत्त्यातल्या गॅझेटच्या वाचकाला मराठ्यांच्या बातमीचा पहिला प्रश्न हाच असणार, ते इकडे येतायत का?

३१ जानेवारी, श्रीरामपूर

हावड्याहून लोकलने पाऊण तास. अण्णांना सगळ्यांत जास्त उत्सुकता याच दिवसाची, कारण हे छापणाऱ्यांचं गाव.

श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून कंपनीने हाकललेल्या मिशनऱ्यांना इथे आसरा मिळाला. १८०० मध्ये विल्यम कॅरी आला, छापखाना सुरू झाला. पण अण्णा इथे आले ते कॅरीसाठी नव्हे, पंचानन कर्मकारासाठी. कर्मकार म्हणजे लोहार. त्याने पोलादावर अक्षरांचे ठसे कोरले, ठशांवरून साचे आणि साच्यांतून खिळे ओतले. त्याच्यामागे जावई मनोहर. या लोहारांच्या घराण्याच्या हाताखाली भारतातल्या किती तरी लिप्यांची अक्षरं पहिल्यांदा शिशात उतरली.

त्यांत मराठीही आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठी शिकवायचा. त्याला मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण इथे छापलं गेलं आणि १८१० मध्ये मराठीचा कोश, तोही मोडी अक्षरांत. पुढे सिंहासनबत्तिशी, हितोपदेश आणि नागपूरकर भोसल्यांची वंशावळसुद्धा, सगळं मोडीत आणि सगळं या गावात. ज्या खंदकापाशी आम्ही काल उभे होतो तो ज्यांच्या भीतीने खणला, त्यांची वंशावळ पाऊणशे वर्षांत हुगळीच्या काठी छापून झाली.

नदीकाठी कॉलेजच्या समोर पायऱ्यांवर बसून मी कोशाचं स्कॅन अण्णांना दाखवलं. त्यांना मोडी येत नाही, त्यांच्या वडिलांना यायची. तरी पान मोठं करून ते बराच वेळ पाहत होते. “मोडीत अक्षराला अक्षर चिकटतं. लिहिताना बोरू उचलायचाच नसतो. आणि यानं ते तोडून तोडून खिळे केले. पाह, हा सांधा पाह. दिसतोय?” मला सांधा दिसला नाही. त्यांना दिसला. देवनागरीत काना-मात्रा खिळ्याबाहेर झुलत्या ठेवाव्या लागतात, त्या तुटतात, म्हणून जोडाक्षरांच्या केसा वाढत जातात, हे सगळं त्यांनी बोटांनी हवेत करून दाखवलं. इंग्रजीला दीडशेच्या आसपास खणांत भागतं, आपल्याला चारशे-पाचशे लागायचे. हिकीला तुरुंगात चालून गेलं ते सव्वीस अक्षरांमुळे, असं त्यांचं म्हणणं. मराठी पत्र तसं कोठडीत बसून निघालं नसतं.

इथूनच २३ मे १८१८ रोजी ‘समाचार दर्पण’ हे बंगाली साप्ताहिक निघालं. त्याच सुमारास कलकत्त्यात गंगाकिशोर भट्टाचार्यांनी स्वतःचं बंगाली पत्र काढलं. राममोहन रॉय यांनी १८२२ मध्ये फारसीत ‘मिरात-उल-अखबार’ सुरू केलं आणि १८२३ मध्ये परवान्याचा कायदा आला तेव्हा परवाना न मागता ते बंद केलं. हिकीने ज्यांना आपल्या चार पानांत जागा दिली नव्हती ती माणसं चाळीस वर्षांत स्वतःची पानं घेऊन उभी राहिली.

कॅरीच्या कबरीपाशी गेलो, पण उन्हामुळे अण्णा फार थांबू शकले नाहीत. परतीच्या लोकलमध्ये गर्दी होती. एका मुलाने उठून जागा दिली.

१ फेब्रुवारी, निघण्यापूर्वी

गाडी दुपारची. सकाळी अण्णा म्हणाले, जीपीओला जाऊ. लाल दिघीच्या पश्चिमेला पांढऱ्या घुमटाची ही इमारत १८६८ ची, म्हणजे हिकीला बंदी घालणारं पोस्ट ऑफिस हे नव्हे. इथे पूर्वी कंपनीचा जुना किल्ला होता आणि त्याच्या भिंतीची रेघ पितळी पट्टीने दाखवली आहे. मी ती पाहत होते तोवर अण्णा रांगेत उभे राहून पोस्टकार्ड घेऊन आले. रामदासचा पत्ता पूर्ण नव्हता. नाव, गाव, ‘फाट्याजवळ’, तालुका, जिल्हा वाशिम. पिनकोड मी फोनवर शोधून दिला.

काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही. कार्ड पेटीत टाकल्यावर त्यांनी पेटीच्या तोंडाशी हात तसाच ठेवला, आत पडल्याचा आवाज ऐकायला.

गाडीत त्यांनी चार दिवसांची बंगाली आणि इंग्रजी वर्तमानपत्रं एकावर एक रचली, घड्या सारख्या केल्या आणि सुतळी मागितली. मी गठ्ठा बांधला. आडवा एक वेढा, उभा एक, आणि खाली सरकफास, कंडक्टरला एका हाताने उचलता येईल असा. गाठ मला अजून येत होती.

घरी पोचल्यावर सहाव्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा आवाज म्हातारा होता. “कलकत्त्याचा शिक्का आहे बाई कार्डावर,” तो म्हणाला, “अण्णा तिकडं काय करतात?” मी फोन अण्णांकडे नेला.